पाय टेकले आणि जेवण जमलं: साडेसात महिन्यांच्या बाळाच्या खुर्चीची पूर्ण केस

ही केस आमच्याच घरची आहे. मुलगा, वय तेव्हा साडेसात महिने, तब्येत उत्तम, वजन-उंची डॉक्टरांच्या मते एकदम व्यवस्थित. तक्रार एकच, हाय चेअरमध्ये बसवलं की पहिली पाच-सहा मिनिटं छान खायचा आणि मग पाठीची कमान करून मागे रेलायचा, एका कुशीवर कलायचा, खाली घसरायचा आणि रडायला लागायचा. आम्ही धरून चाललो होतो की त्याचं पोट भरलं, नाहीतर चव आवडली नाही, नाहीतर दात येतायत. तीन आठवडे आम्ही जेवण बदलत राहिलो, वेळा बदलल्या, चमचा बदलला, खुर्चीकडे कुणी बघितलंच नाही, कारण खुर्ची तर "चांगली" होती ना.

ती आम्ही बाळ पाच महिन्यांचं असतानाच घेऊन ठेवली होती. आणि निवडली कशी, तर डब्यावरची यादी वाचून! सात उंच्या, पाच पोझिशनमध्ये मागे झुकणारी पाठ, चाकं, घडी होते, जाड गादी, दुहेरी ट्रे. त्या यादीत बाळाच्या मापाचा एक शब्द नव्हता, आणि हे तेव्हा मला खटकलंसुद्धा नाही. सात उंच्या म्हणजे अख्खी खुर्ची जमिनीपासून वरखाली होते, बाळाचे पाय आणि फूटरेस्ट (पाय टेकवायची फळी) यांतलं अंतर तेवढंच राहतं. हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे सांगतेय.

मागे झुकणाऱ्या पाठीबद्दलही आत्ताच सांगून टाकते. सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी आम्ही हौसेने त्याला बसवलं आणि तो नीट बसेना म्हणून पाठ थोडी मागे केली. ही चूक होती. वरचं जेवण सुरू करायला डब्ल्यूएचओ सहा महिने सांगते हे खरं, पण मूल आधाराने का होईना सरळ बसतंय का, मान स्थिर आहे का, घास जिभेने बाहेर ढकलत नाही ना, हेही बघायचं असतं, आणि बसण्याचं वय प्रत्येकाचं वेगळं. डब्ल्यूएचओच्याच अभ्यासात आधाराशिवाय बसायला लागायचं सरासरी वय ६ महिने निघालं, पण निरोगी मुलांमध्ये ते जवळपास ४ पासून ९ महिन्यांपर्यंत कुठेही असू शकतं. झुकलेल्या पाठीवर घन अन्न द्यायचं नाही, घास आपोआप घशाकडे सरकतो आणि मुलाच्या ताब्यात राहत नाही. हे कळल्यावर आम्ही ते लगेच थांबवलं आणि अडीच आठवडे मांडीवर बसवूनच भरवलं, आणि गंमत म्हणजे मांडीवर तो मस्त खायचा. या गोष्टीचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता.

तो लागला आईमुळे. आई आठवडाभर राहायला आली होती, तिने दोन जेवणं नुसती बघितली, काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी म्हणाली, "अगं, त्याचे पाय बघ ना, अधांतरी लटकतायत. माझ्या मांडीवर बसतो तेव्हा टाचा माझ्या पायावर रोवून बसतो, इथे रोवायला काय आहे त्याला?"

मी ट्रे काढला आणि खाली वाकून पाहिलं. खरंच की. पाय कशालाच टेकत नव्हते, गुडघेसुद्धा सीटच्या कडेपर्यंत पोचत नव्हते, त्यामुळे पाय वाकायच्या ऐवजी समोर सरळ पसरलेले आणि कंबर मागे गोल होऊन तो शेपटाच्या हाडावर बसलेला. ट्रे थेट काखेपर्यंत. घास उचलायला त्याला कोपर खांद्याएवढं वर न्यावं लागत होतं, आणि एक हात तर कायम ट्रेची कड पकडून होता कारण तो हात सोडला की तो कलंडणार. म्हणजे खायला एकच हात शिल्लक, तोही वर उचललेला. असं सहा मिनिटं केल्यावर तो वैतागत होता तर त्याचं काय चुकलं!

मग शिवणाचा टेप घेतला. मापं अशी निघाली: पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत १५ सेमी, खळगीपासून तळपायापर्यंत १७ सेमी. खुर्चीच्या सीटची खोली २१ सेमी. सीटपासून फूटरेस्ट २५ सेमी खाली. सीटची कड गुडघ्याच्या मागे दोन बोटं अलीकडे संपायला हवी, म्हणजे याला साधारण १२ सेमी खोली पुरे, आणि आमच्याकडे ९ सेमी जास्त होती. पायाखाली ८ सेमी मोकळं. एवढं साधं गणित, आणि आम्ही तीन आठवडे चव बदलत बसलो होतो.

बाळांच्या खाण्यावर काम करणारे थेरपिस्ट कंबर, गुडघा आणि घोटा हे तिन्ही साधारण काटकोनात असावेत म्हणतात. त्यामागचं कारण मला पटलं ते असं, की पाय टेकलेले असले तर कंबर स्थिर राहते, कंबर स्थिर असेल तर पाठ सरळ, पाठ सरळ असेल तर मान आणि जबडा मोकळा, आणि हात तोल सावरण्यातून सुटतात. कोनमापक घेऊन बसायचं नाहीये, आणि मूल काय अर्धा तास एका कोनात राहणारही नाही. पण तोल गेला की टेकायला काहीतरी खाली हवं.

त्याच संध्याकाळी घरात होतं त्यातून जुगाड केला. पाठीमागे आंघोळीच्या टॉवेलची घट्ट घडी करून ती गादीच्या कव्हरच्या आत घातली (बाहेर ठेवली असती तर सरकली असती, आणि सैल कापड बाळाच्या तोंडाजवळ मला नकोच होतं). सीटवर कडक फोमचा ४ सेमीचा तुकडा, खाली कपाटात घालतात ती न घसरणारी जाळी. मऊ उशी मुद्दाम वापरली नाही, ती दबते आणि मूल परत कलतं. आणि फूटरेस्टवर बुटांचा खोका, आत जुने कागद ठासून भरलेले, चिकटपट्टीने चहूबाजूंनी आवळलेला, उंची बरोबर १२ सेमी, कारण फोममुळे सीट ४ सेमीने वर गेली होती ते धरावं लागलं. फोम घातल्यावर हार्नेसचे पट्टे परत बसवले. हे विसरायचं नाही, सीट वर गेली की आधीचे पट्टे चुकीच्या जागी येतात. आणि यापेक्षा जास्त उंची मी दिली नसती, मूल जितकं वर तितका खुर्चीचा तोल बिघडतो आणि बाजूच्या कडा तोकड्या पडतात.

दुसऱ्या दिवशी तो सतरा मिनिटं बसला. दोन्ही हात ट्रेवर. कोपरं टेकलेली. मी रडायचीच बाकी होते.

पण नवऱ्याला शंका, आणि रास्त शंका. तो म्हणाला, तीन गोष्टी एकदम बदलल्यात, शिवाय आई इथे आहे, बाळ तसंही खूश आहे, कशावरून पायच कारण? म्हणून आम्ही चार दिवस सगळं तसंच ठेवून वेळ लिहिली, सकाळ-संध्याकाळ, पंधरा ते वीस मिनिटं येत होती. मग पाचव्या दिवशी फक्त खोका काढला, टॉवेल आणि फोम तसेच. सकाळी नऊ मिनिटं, संध्याकाळी आठ, आणि परत ते पाय ट्रेच्या खालच्या बाजूला मारणं सुरू. सहाव्या दिवशी खोका परत लावला आणि एकोणीस मिनिटं. एकाच मुलावरची, दोन जेवणांची परीक्षा आहे ही, यावरून जगाचा नियम काढायचा नाही. आमच्या घरापुरता प्रश्न मात्र सुटला. आणि हेही खरं की नुसत्या टॉवेल-फोमनेसुद्धा सहाची आठ-नऊ मिनिटं झाली होती, म्हणजे सीटची खोली आणि ट्रेची उंची यांचाही वाटा होताच.

एक गैरसमज मात्र मला पसरवायचा नाहीये. फूटरेस्ट लावला म्हणजे घास अडकायची भीती गेली असं नाही. त्यासाठी मूल सरळ बसलेलं असणं, कुणीतरी मोठं माणूस समोर बसून बघत असणं, आणि तुकड्याचा आकार-मऊपणा वयाप्रमाणे असणं हेच लागतं. पाय टेकल्याने ते सरळ बसणं टिकायला मदत होते, बस.

खोका दोन आठवडे टिकला. मग ओला झाला, खचला. आणि तेवढ्यात एक नवीन अडचण आली जी मी कुठल्याच खरेदीच्या सल्ल्यात वाचली नव्हती. गादीच्या शिवणीत अन्न अडकून वास यायला लागला म्हणून कव्हर धुवायला काढलं, तर गादीविना सीट आणखी मोठी झाली, पट्टे सैल पडले, टॉवेल ठेवायला कव्हर नाही. दोन दिवस वाळेपर्यंत परत मांडीवर. तेव्हा ठरवलं की या खुर्चीशी भांडत बसायचं नाही, दुसरी बघायची, आणि यावेळी टेप सोबत घेऊन.

पर्याय काय काय पाहिले ते सांगते, कारण प्रत्येकाच्या घरी उत्तर वेगळं निघणार.

जमिनीवर ठेवायची फोमची खोलगट सीट आमच्याकडे भेट आलेली होती. त्यात मांड्या अडकल्यासारख्या होतात आणि बाळ पुढे वाकून स्वतः घास उचलू शकत नाही, आमच्याला तरी जमेना. आणि ती टेबलावर, ओट्यावर, सोफ्यावर कुठेच ठेवायची नाही, हे मात्र ठामपणे सांगते. २०१२ मध्ये अमेरिकेत बंबो नावाच्या अशाच सीटच्या सुमारे ४० लाख नगांसाठी दुरुस्तीची मोहीम काढावी लागली, बेल्ट नव्हता आणि मुलं त्यातून बाहेर पडत होती, उंचावरून पडून डोक्याला मार बसला होता. त्या सीटला नंतर बेल्ट आला, पण उंचावर ठेवायची नाही ही सूचना तशीच आहे.

टेबलाला अडकवायची क्लिप-ऑन सीट मला मनापासून आवडली होती. छोटी, जागा खात नाही, बाळ सगळ्यांबरोबर टेबलाशी येतं. पण आमच्या टेबलाला मधोमध एकच जाड खांब आहे. एका खांबाच्या टेबलाला, काचेच्या टेबलाला, टेबलक्लॉथवर किंवा मॅटवर ती लावायची नसते, टेबलच उलटू शकतं किंवा पकड सुटते. आणि त्यातही पाय लटकलेलेच. विषय संपला.

बूस्टर, म्हणजे मोठ्यांच्या खुर्चीला पट्ट्यांनी बांधायची सीट. एक मैत्रीण हीच वापरते आणि तिचं छान चाललंय, जागा कमी असेल आणि बजेट बेताचं असेल तर मी पहिली हीच सुचवीन. त्याला दोन पट्टे लागतात, एक खुर्चीच्या पाठीभोवती, एक बसायच्या फळीखालून, आणि दोन्ही लावायचे, रोज ओढून बघायचे. आमच्या खुर्च्यांची पाठ अशी गोलाकार आहे की वरचा पट्टा निसटून खाली येत होता. शिवाय पायाखाली मोठ्यांच्या खुर्चीत काहीच नाही, तिने खुर्चीच्या दोन पायांना आडवी फळी नवऱ्याकडून स्क्रू मारून घेतली आहे. आमच्याकडे असा कारागीर नाही.

उरली ती लाकडी, फळ्या खाचांमध्ये सरकवायची खुर्ची. बसायची फळी आणि पाय ठेवायची फळी दोन्ही वेगवेगळ्या वरखाली आणि पुढेमागे होतात, मला हवं होतं ते नेमकं हेच. या जातीच्या खुर्चीची सुरुवात नॉर्वेत झाली, पीटर ऑप्सविक नावाच्या डिझायनरने १९७२ मध्ये ट्रिप ट्रॅप नावाची खुर्ची बनवली, कारण त्याचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा जेवायच्या टेबलाशी मोठ्यांच्या खुर्चीत पाय लटकवून बसायचा आणि हात टेबलापर्यंत पोचत नव्हते. हे वाचलं तेव्हा मला आमचा सकाळचा सीनच आठवला.

आम्ही त्याच धर्तीची दुसऱ्या कंपनीची वापरलेली खुर्ची घेतली. वापरलेली घेताना चार गोष्टी तपासल्या: सगळे स्क्रू आहेत का आणि फळ्या हलत तर नाहीत, लहान बाळासाठीचा पाठ-कठडा त्याच मॉडेलचा आहे का, हार्नेस मूळचा आहे का आणि त्याचं बकल अडकल्यावर ओढून सुटत तर नाही, आणि ते मॉडेल दोषामुळे कंपनीने कधी परत मागवलंय का. हार्नेसमध्ये दोन पायांच्या मधला पट्टा नव्हता! नुसता कमरेचा होता. हा पट्टा नसेल तर मूल खालून घसरतं आणि कमरेचा पट्टा छातीपर्यंत, वाईट म्हणजे गळ्यापर्यंत येऊ शकतो. अमेरिकेत तर २०१९ पासून हाय चेअरला पायांमधला अडथळा आणि किमान तीन ठिकाणी धरणारा पट्टा सक्तीचा आहे. विकणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही कधी लावलाच नाही, कुठेतरी हरवला. कंपनीकडून त्याच मॉडेलचा हार्नेस मागवला, तो येईपर्यंत दहा दिवस खुर्ची कोपऱ्यात ठेवली. नवरा म्हणाला ट्रे आहे की पुढे. ट्रे मुलाला धरून ठेवायला नसतो, निघतो तो.

दहा महिन्यांच्या आसपास त्याला उभं राहायचं वेड लागलं आणि इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आता खुर्ची टेबलाला लावलेली, त्याचे पाय फळीवर भक्कम टेकलेले, म्हणजे जो आधार खायला हवा होता तोच उभं राहायलाही मिळाला. एकदा पट्टा लावायच्या आधी मी चमचा आणायला वळले, तेवढ्यात त्याने टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावून स्वतःला मागे ढकललं आणि खुर्चीचे पुढचे पाय उचलले गेले. मी तीन पावलांवर होते. पकडली. काही झालं नाही. पण हात बराच वेळ थरथरत होते.

त्यानंतर मी शोधलं तर अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांच्या २००३ ते २०१० च्या नोंदींचा एक अभ्यास आहे, हाय चेअरशी संबंधित दुखापती वर्षाला सरासरी ९,४०० च्या आसपास, बहुतेक पडण्याच्या, आणि पडायच्या आधी मूल काय करत होतं हे जिथे नोंदलं होतं तिथे दोन तृतीयांश वेळा ते खुर्चीत उभं होतं किंवा चढत होतं. म्हणजे पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लागला नव्हता.

ट्रेवाली खुर्ची असेल तर ती टेबल, ओटा, भिंत यांपासून इतकी लांब ठेवायची की हात-पाय पोचून ढकलता येणार नाही. पण आमची खुर्ची टेबलाला लावूनच वापरायची, मग काय करायचं? आम्ही असं केलं: मागच्या पायांना कंपनीचे लांब स्लाइडर लावले, ढकललं तर खुर्ची उलटायच्या ऐवजी मागे सरकते. त्यासाठी खालची सतरंजी काढली, कारण तिच्या कडेला स्लाइडर अडला तर खुर्ची उलटणारच, आणि मागे भिंतही नको. आणि क्रम बदलला, आधी सगळं टेबलावर आणायचं, मग बाळाला बसवायचं, बसवल्या क्षणी पट्टा, मगच बाकी. आधी आम्ही त्याला बसवून मग चमचा, पाणी, पुसायचं फडकं असं गोळा करत होतो. सगळा धोका त्या दोन मिनिटांत होता. हा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावला, कारण आम्ही दोघं, आई आणि सांभाळायला येणाऱ्या ताई असे चार जण त्याला भरवतो आणि चौघांची सवय एकच हवी. ताईंनी तर माझ्याआधी पाठ केला.

उभं राहणं थांबलं का? पूर्ण नाही. आता तो उठायला बघायला लागला की आम्ही एकदा "बसून खाऊ" म्हणतो, दुसऱ्यांदा उठला की जेवण झालं, खाली उतरवायचं. सुरुवातीला मला वाटायचं उपाशी राहील. नाही राहिला, पुढच्या वेळी भरून काढायचा. वीस मिनिटं हे त्याचं माप आहे आणि त्यापुढे कुठलीही खुर्ची त्याला बसवून ठेवणार नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला.

स्वच्छतेचं एका वाक्यात, सपाट लाकडी फळी ओल्या फडक्याने मिनिटात पुसली जाते, पट्टे आठवड्यातून एकदा काढून धुते, गादी घेतलीच नाही.

आज तो बावीस महिन्यांचा आहे. पाठ-कठडा आणि पट्टा अजून आहेत, कंपनीच्या सूचनेतलं वय पूर्ण होईपर्यंत काढणार नाही. पायाची फळी आतापर्यंत तीनदा खाली गेली, दर दोन-अडीच महिन्यांनी मी जेवताना खाली वाकून बघते, गुडघे कमरेच्या वर आले की फळी खाली घ्यायची वेळ, टाच उचललेली दिसली की मी जास्तच खाली घेतली. काल दुपारी परत गुडघे वर दिसले. पाना कपाटात सापडला नाही, तो त्याच्या खेळण्यांच्या टोपलीत होता. आज रात्री तो झोपला की पायाची फळी दोन खाचा खाली घेणार आहे, कारण बसायची फळीही एक खाच खाली जाईल असं वाटतंय, कोपरं आता टेबलाच्या बरीच वर राहतात.